पक्षाघात : थांबलेला प्रवाह आणि हातातला अवधी

मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या एकूण वजनाच्या शंभरात अवघे दोन भाग. हृदय दर मिनिटाला जे पाच लिटरच्या आसपास रक्त बाहेर टाकते, त्यातील जवळजवळ सातवा हिस्सा मात्र या लहानशा अवयवाकडे जातो आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. स्नायूंजवळ आणि यकृताजवळ साखरेचा काही साठा असतो. मेंदूजवळ शिल्लक अशी जवळपास नसतेच. जे येईल ते त्याच क्षणी खर्ची पडते. म्हणूनच संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते.

पक्षाघाताविषयीची जुनी समजूत याच गोष्टीवर उभी होती. ‘आघात’ या शब्दातच एका फटक्याचा अर्थ आहे. इंग्रजीतील ‘स्ट्रोक’चा अर्थही तोच. फटका बसला, जे जायचे ते गेले, आता उरलेले सांभाळायचे, अशी वैद्यांची, डॉक्टरांची आणि घरच्यांचीही धारणा होती. गेल्या पन्नास वर्षांतील शरीरक्रियाशास्त्राच्या संशोधनाने ही धारणा मुळापासून बदलली. रक्तवाहिनी एका क्षणात बंद होते हे खरे. परंतु तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा सगळा भाग त्याच क्षणी मरत नाही. मधे काही अवधी असतो. तो किती असतो, कशामुळे लांबतो आणि कशामुळे आखडतो, हेच आजच्या पक्षाघात-उपचाराचे मर्म आहे.

हे समजण्यासाठी प्रथम जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहते ते मोजता येणे आवश्यक होते. ते काम अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४०च्या दशकात केले. त्यांची युक्ती एखाद्या मुनिमाला सहज पटावी अशी होती. रुग्णाला निरुपद्रवी वायू अल्प प्रमाणात हुंगवायचा, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात तो किती आहे आणि मेंदूतून परत येणाऱ्या रक्तात किती उरला आहे हे ठरावीक वेळाने तपासायचे आणि आवक-जावकेच्या फरकावरून प्रवाह काढायचा. दर शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलीटर रक्त मिळते, हा आकडा तेथून आला आणि थोड्याफार फरकाने आजही कायम आहे.

पुढचा प्रश्न असा होता की हा प्रवाह ५०वरून खाली येऊ लागला तर नेमके कोठे काय घडते? त्याचे उत्तर डेन्मार्कचे येन्स आस्ट्रुप, स्वीडनचे बो सिश्यो आणि लंडनचे लिंडसे सायमन यांनी १९८१ साली एका लेखात एकत्र मांडले. प्रवाह २०च्या आसपास आला की मज्जापेशींचे विद्युत्‌-संदेश थांबतात. हात हलत नाही, शब्द फुटत नाही. पेशीचे आवरण मात्र अजून शाबूत असते. प्रवाह १०च्या खाली गेला की आवरणावरील क्षारांचा समतोल कोसळतो, पेशीत पाणी शिरते आणि ती मरते. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यातील पेशी काम करत नाहीत, पण जिवंत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला मेलेली पेशी आणि गप्प झालेली पेशी यांत काही फरक दिसत नाही. लुळा हात दोन्ही अवस्थांत सारखाच लुळा. या मधल्या पट्ट्याला संशोधकांनी ग्रहणाच्या शास्त्रातील शब्द दिला : उपच्छाया. चंद्रग्रहणात गडद छायेभोवती जो मंद प्रकाशाचा भाग असतो, तसाच मेलेल्या गाभ्याभोवतीचा हा भाग. पुरवठा वेळेत सुरू झाला तर तो पूर्ववत होतो. न झाल्यास गाभा पसरत जातो आणि उपच्छाया त्यात बुडते.

उपच्छाया किती वेळ तग धरील, हे बहुतांशी आडवाटांवर ठरते. मुख्य रस्त्यावर दरड कोसळली की माल लहान गावांमधून, अरुंद रस्त्यांनी फिरवून न्यावा लागतो. तो कमी येतो, उशिरा येतो, पण येतो. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले आणि त्याच्या ग्रंथातील चित्रे काढण्यात पुढे वास्तुशिल्पी म्हणून विख्यात झालेल्या ख्रिस्तोफर रेन यांचा हात होता. या कड्यामुळे एका बाजूचे रक्त दुसऱ्या बाजूस वळू शकते. शिवाय मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक धमन्यांचे जोडमार्ग असतात. हे जोडमार्ग सर्वांना सारख्या प्रमाणात लाभलेले नसतात. त्यामुळे एकाच ठिकाणी अडथळा आलेल्या दोन रुग्णांपैकी एकाचा भाग दोन तासांत निकामी होतो, तर दुसऱ्याचा बारा तासांनंतरही बराचसा शिल्लक असतो.

कॅलिफोर्नियातील जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली या हानीचा हिशेब मांडला. मोठी धमनी बंद झालेल्या सर्वसाधारण रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी, १,४०० कोटी पेशीजोड आणि १२ किलोमीटर लांबीचे मज्जातंतू नष्ट होतात. आकडा सरासरीचा आहे, हे विसरू नये. कोणत्या रुग्णाचे जोडमार्ग भक्कम आहेत हे घरी बसून कोणालाही सांगता येत नाही. व्याजाचा दर ठाऊक नसलेल्या कर्जासारखी ही अवस्था असते. व्याज चढत आहे एवढेच निश्चित असते.

उपचाराच्या बाजूने पहिले मोठे यश १९९५ साली मिळाले. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध शिरेतून दिले असता, तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. त्याची किंमतही होती. औषध दिलेल्यांपैकी शंभरात सहाजणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत तो शंभरात एकाहूनही कमी होता. तरीही एकंदर हिशेब फायद्याचाच निघाला. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. अलीकडे टेनेक्टेप्लेज हे त्याच जातीचे औषध पुढे आले आहे. अल्टेप्लेज तासभर सलाइनप्रमाणे द्यावे लागते; टेनेक्टेप्लेज एकाच टोचणीत देता येते. कॅनडात १,६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते अल्टेप्लेजच्या तोडीचे ठरले. अमेरिकेने पक्षाघातासाठी त्यास २०२५ साली मान्यता दिली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तयार केलेले हे औषध भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

मोठ्या धमनीतील मोठी गुठळी मात्र औषधाने सहसा पूर्ण विरघळत नाही. तेथे जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, जाळीच्या साहाय्याने गुठळी ओढून बाहेर काढतात. नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने स्वतःच्या पायावर उभे राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात १९वरून ३३पर्यंत गेले. हा निष्कर्ष २०१५च्या आरंभी प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला. २०१८ साली ‘डॉन’ नावाच्या चाचणीने सर्वांनाच चकित केले. सहा ते चोवीस तास उलटून गेलेले २०६ रुग्ण तीत होते. गाभा लहान पण उपच्छाया मोठी आहे असे छायाचित्रणात दिसलेल्यांचीच तीत निवड केली होती. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वावलंबी होते. न काढलेल्यांपैकी केवळ १३ टक्के.

या चोवीस तासांच्या आकड्याने एक गैरसमजही पसरवला आहे. ‘आता दिवसभराची सवड असते’ असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. चाचणीत घेतलेले रुग्ण हे मूठभर सुदैवी होते, ज्यांच्या आडवाटा अजून माल पोहोचवत होत्या. ज्यांची उपच्छाया त्याआधीच संपली, ते चाचणीत आलेच नाहीत. चोवीस तास ही डॉक्टरांनी प्रयत्न सोडू नये यासाठीची मर्यादा आहे, कुटुंबाने वाट पाहण्यासाठी मिळालेली मुदत नव्हे.

आणि वाट पाहणे घरातच सर्वाधिक घडते. पेढीवर बसलेल्या गृहस्थांच्या हातातून पेन गळते, बोलताना जीभ जड होते, तोंड एका बाजूला ओढलेले दिसते. कोणी म्हणते पित्त झाले असेल, कोणी म्हणते थोडे पडू द्या; मुलगा वसुलीसाठी बाहेरगावी गेलेला असतो, तो आल्यावर ठरवू असे होते. हृदयविकाराचा झटका छातीत कळ घेऊन येतो आणि घर जागे करतो. पक्षाघातात बहुधा वेदना नसते, हेच त्याचे घातक वैशिष्ट्य. चेहरा वाकडा होणे, एक हात वर उचलून धरता न येणे, वाणी अडखळणे, यांपैकी एकही अचानक घडले तरी रुग्णालय गाठले पाहिजे. तेही कोणतेही नव्हे, तर चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेले; कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे त्यावाचून कळत नाही आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात असे रुग्णालय कोणते, तेथे गुठळी काढण्याची सोय आहे का, याची चौकशी निवांत दिवशी करून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘शेवटचे केव्हा ठीक पाहिले?’ हा. त्याचे उत्तर घड्याळाच्या काट्यानिशी देता आले तर उपचाराचा निर्णय सोपा होतो.

घरी होणाऱ्या तीन चुकांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पहिली, पाणी, चहा किंवा साखरेचे पाणी पाजणे. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोट श्वासनलिकेत जातो. दुसरी, ॲस्पिरिनची गोळी देणे. हृदयविकाराच्या झटक्यात ती उपयोगी पडते, हे लोकांच्या कानावर असते. पण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तीच गोळी घात करील. तिसरी चूक सर्वांत समंजस दिसते. घरातील यंत्राने रक्तदाब मोजला जातो, १९० किंवा २०० असा आकडा दिसतो आणि दाब उतरवणारी जादा गोळी दिली जाते. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत एके काळी डॉक्टरांतही होती. येथे शरीराचे गणित ध्यानी घेतले पाहिजे. निरोगी मेंदू आपल्या धमन्या आखडून वा पसरवून प्रवाह स्थिर राखतो. दाब काहीसा वरखाली झाला तरी त्याला झळ लागत नाही. डेन्मार्कच्या निल्स लासेन यांनी १९५९ साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. उपच्छायेतील धमन्या मात्र आधीच पूर्ण पसरलेल्या असतात, त्यांच्याजवळ आणखी पसरण्याची ताकद उरलेली नसते. तेथील प्रवाह मग थेट रक्तदाबावर अवलंबून राहतो. वाढलेला दाब आडवाटांनी रक्त रेटत असतो. तो एकाएकी पाडणे म्हणजे उरलासुरला पुरवठा आपल्या हाताने तोडणे. दाब किती उतरवायचा, कधी उतरवायचा, हे स्कॅन पाहिल्यावर डॉक्टरांनी ठरवावे.

आणखी एक प्रसंग याहून फसवा असतो. लक्षणे येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत निघून जातात. हात पुन्हा चालू लागतो, घरात सुटकेचा निःश्वास पडतो आणि विषय संपतो. ऑक्सफर्ड येथे पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष अशा घरांनी वाचावेत. अशा क्षणिक किंवा सौम्य झटक्यानंतर नेहमीच्या संथ गतीने उपचार झालेल्यांपैकी दहा टक्के लोकांना तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात झाला. त्याच दिवशी तपासणी आणि औषधे सुरू झालेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांवर आले. औषधे नवी नव्हती. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, गरज तेथे मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया, सारे जुनेच. बदलली होती ती केवळ तारीख.

गुठळी येते कोठून, याचा शोध पुष्कळदा हृदयापाशी पोहोचतो. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी जोडलेली असते. कप्पा लयीत आकुंचन पावतो तोवर तीतील रक्त खेळते राहते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरतो, पिशवीतील रक्त साचते, गोठते आणि गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडे जातो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून चाललेल्या पाहणीतून निष्पन्न झाले की या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. अडचण अशी की ही अनियमितता येते आणि जाते. दवाखान्यातील एका मिनिटाच्या ईसीजीत ती सापडेलच असे नाही. कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या ४४१ रुग्णांची एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या त्वचेखाली हृदयाची नोंद घेणारे लहानसे यंत्र बसवले होते, त्यांच्यापैकी १२ टक्क्यांत वर्षभरात हा विकार आढळला, नेहमीच्या तपासणीत केवळ २ टक्क्यांत. तीन वर्षांनी तर हे प्रमाण ३० विरुद्ध ३ झाले.

म्हणून सरसकट सर्वांनी यंत्रे बसवावीत काय? डेन्मार्कमध्ये सहा हजार वृद्धांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लूप’ चाचणीत यंत्रामुळे हा विकार तिपटीने अधिक सापडला, पण पक्षाघात त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. मनगटी घड्याळांच्या जाहिराती वाचताना हे स्मरणात ठेवावे. विकार निश्चित ठरल्यावर मात्र औषधात हयगय नको. ‘रक्त पातळ राहण्यासाठी ॲस्पिरिन चालू आहे’ हे समाधान येथे अपुरे आहे. २०११ सालच्या एका मोठ्या चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला ३.७ टक्के, तर अपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के पक्षाघात झाले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे होते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा आखडलेले रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी जुने वॉरफेरिन-वर्गाचे औषधच नव्या गोळीपेक्षा सरस ठरले, असे २०२२च्या चाचणीत आढळले. तेव्हा शेजाऱ्याची गोळी नवी म्हणून आपली बदलू नये.

नव्या गोळ्यांचा प्रभाव दिवसभरातच ओसरतो. अठ्ठाई किंवा दीर्घ उपवास करणाऱ्या, तसेच रात्री चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांनी या गोळ्यांची आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची व्यवस्था आधीच डॉक्टरांकडून लावून घ्यावी. गोळ्या मनाने बंद केल्याचे घरातल्यांना बहुधा मागाहून कळते.

शाकाहारी कुटुंबांना अस्वस्थ करणारे एक संशोधनही टाळून चालणार नाही. ब्रिटनमधील ४८ हजार लोकांची अठरा वर्षे पाहणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाकाहारींना हृदयविकार २२ टक्के कमी, परंतु पक्षाघात २० टक्के अधिक आढळला. हा फरक म्हणजे दहा वर्षांत हजार माणसांमागे सुमारे तीन अधिक रुग्ण. वाढ मुख्यतः रक्तस्रावाच्या प्रकारात होती. कोलेस्टेरॉल फार कमी असणे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव ही कारणे असू शकतील, असा संशोधकांचा तर्क आहे. उलट तैवानमधील बौद्ध स्वयंसेवकांच्या २०२०च्या पाहणीत शाकाहारींना पक्षाघात कमीच झाला. दोन्ही पाहण्या निरीक्षणाच्या आहेत, कार्यकारणाचा पुरावा नव्हेत. आहार बदलण्याचे कारण त्यांत दिसत नाही. बी-१२ची तपासणी करून घेण्याचे मात्र दिसते.

ताटातील ज्या पदार्थाविषयी पुरावा भक्कम आहे, तो मीठ होय. रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आणि मीठ त्याचे खाद्य. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. निम्म्या खेड्यांतील निवडक लोकांना नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले गेले. पाच वर्षांच्या आसपास चाललेल्या या प्रयोगात पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. त्या खेड्यांतले मीठ मुख्यतः घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जात होते. आपल्याकडेही उन्हाळ्यात वर्षाचे पापड आणि लोणची घालताना जे मीठ पडते, ते पुढे वर्षभर ताटात वाढले जाते. असे मिश्र मीठ बाजारात मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडते. अशा घरात मीठ साधेच ठेवून त्याचे प्रमाण कमी करावे आणि पापडखार बेताने घालावा.